मदत हवी आहे: जुन्या पायोनियर रिसीव्हरचा डावा चॅनेल हळू आवाजात गायब होतो

नमस्कार मंडळी. मी बेळगावात शहापूरला राहते. बाबा मस्कतला नोकरीला असताना त्यांनी घेतलेला पायोनियर एसएक्स-७५० रिसीव्हर (रेडिओ आणि अॅम्प्लिफायर एकाच खोक्यात) माझ्याकडे आहे. सत्तरच्या दशकातला, दर चॅनेलला ५० वॅट. बाबा यावर मल्लिकार्जुन मन्सूर ऐकत. मध्यम लहरींवर धारवाड ७६५ किलोहर्ट्झला आणि सांगली १२५१ ला लागायचं.

बरीच वर्षं तो माळ्यावर होता. इथला पावसाळा तुम्हाला माहीतच आहे, खोक्याला आतून बुरशी धरली होती. धूळ ब्रश आणि ब्लोअरने काढली. व्होल्टेज सिलेक्टर २४० वर आहे. थेट प्लगमध्ये न लावता १०० वॅटचा पिवळा बल्ब सिरीजमध्ये घालून चालू केला. बल्ब क्षणभर लख्ख पेटला, लगेच मंद झाला आणि थोड्या वेळाने रिलेचा (स्पीकर जोडणाऱ्या आतल्या स्विचचा) 'टक्' आवाज आला. म्हणजे आत शॉर्ट नसावा.

आता दोन तक्रारी आहेत. व्हॉल्यूम आणि बॅलन्स फिरवताना जोरात खरखर होते. दुसरं म्हणजे हळू आवाजात डावा चॅनेल येतच नाही. आवाज वाढवला की 'फट्' होऊन येतो आणि मग नीट चालतो. स्पीकरच्या वायरी अदलाबदल केल्या, तर दुसरा स्पीकर गप्प झाला, म्हणजे स्पीकर चांगले आहेत. मागच्या इनपुटच्या पिना बदलून पाहिल्या, तरी बिघाड डाव्यालाच. एफएमवरही तेच.

इथल्या एका दुकानात दाखवला. "आतलं सगळं काढून ब्लूटूथचा बोर्ड टाकू, खोका तसाच राहील," म्हणाले. मला ते अजिबात करायचं नाही. ट्रान्सफॉर्मर चांगला आहे, उजवा चॅनेल सुरेख वाजतो. चार ठिकाणचा मळ निघाला की चालणारी वस्तू रिकामी कशाला करायची?

मल्टिमीटर आहे, सोल्डरिंग जमतं. सुरुवात कुठून करू? गंज सोडवायचा स्प्रे व्हॉल्यूममध्ये मारला तर चालेल का? डायलची काच कशाने पुसू? आणि सगळे कपॅसिटर बदलायलाच हवेत का?

प्रतिसाद:
ताई, लक्षणं अगदी रिलेची आहेत. कॉन्टॅक्टवर काळा थर बसला की हळू आवाजाचा सिग्नल त्यातून जात नाही, मोठा गेला की तो थर फोडून जातो. 'फट्' होतं ते तेच.

पण आधी डीसी ऑफसेट, म्हणजे स्पीकरकडे जाणारा नको असलेला डीसी व्होल्टेज, मोजा. स्पीकर काढून ठेवा, व्हॉल्यूम शून्यावर, दहा मिनिटं तापू द्या आणि स्पीकर टर्मिनलवर डीसी मिलिव्होल्ट बघा. ५० च्या आत असेल तर निर्धास्त राहा. शंभराच्या वर गेला तर स्पीकर जोडू नका, त्याचं कारण आधी शोधू. रिले बायपास करून वाजवायचा सल्ला कुणी दिला तरी ऐकू नका. आउटपुट ट्रान्झिस्टर गेला तर थेट डीसी जाऊन स्पीकरची कॉइल जळते.

मग प्लग काढा. मोठ्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो, तो रेझिस्टर लावून उतरवा. स्क्रू ड्रायव्हरने शॉर्ट करू नका. मीटरवर शून्य दिसल्यावरच हात घाला. रिलेचं झाकण काढून जाड कागदाची पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवा, कॉन्टॅक्टमध्ये धरून हलके दाबा आणि ओढा. पट्टीवर काळी रेघ उठेल. रेघ उठायची थांबेपर्यंत नवी नवी पट्टी घ्या. पॉलिश पेपर नको, चांदीचा मुलामा जातो. तरी फरक पडला नाही तर त्याच व्होल्टेजचा नवा रिले घाला.

गंजाचा स्प्रे नकोच. तो तेलकट असतो, त्यावर पुन्हा धूळ बसते. कॉन्टॅक्ट क्लीनर पॉटच्या (व्हॉल्यूम, बॅलन्सच्या बटणामागच्या भागाच्या) फटीत थोडासा मारा आणि बटण या टोकापासून त्या टोकापर्यंत पुन्हा पुन्हा फिरवा. टेप मॉनिटर आणि स्पीकर सिलेक्टरचे स्विचही तसेच करा. डायलच्या काचेला आतून अल्कोहोल किंवा काच पुसायचं लिक्विड लावू नका, आकडे मागून छापलेले असतात, पुसले जातील. कोरडा मऊ ब्रश पुरे. कपॅसिटर फुगलेले किंवा गळके दिसले तेवढेच आत्ता बदला. सगळे एकदम बदलले आणि एक उलटा लागला तर चूक शोधणं अवघड जातं.

धागाकर्ती:
खूप आभार. ऑफसेट डावा २२, उजवा १७. रिले पुसला, दोन्ही बाजू हळू आवाजातही नीट वाजतात, खरखरही गेली. आता मध्यम लहरींवर नुसती घरघर येते, स्टेशन लागत नाही. अँटेनाचा दोष असेल का?

प्रतिसाद:
आधी घरातले एलईडी दिवे, मोबाईलचे चार्जर आणि इन्व्हर्टर बंद करून बघा. घरघर थांबली तर दोष रिसीव्हरचा नाही. मागचा फेराइट अँटेना (मध्यम लहरींसाठीची दांडी) खोक्यापासून बाहेर वळवून ठेवा आणि फिरवून बघा. तरी काही लागलं नाही तर फोटो टाका.