कन्नड मुलूख आपल्या गोदावरीपर्यंत होता का?

गोदाकाठी_पोऱ्या: एमपीएससीचा अभ्यास चाललाय. नोट्समधे आलं की कविराजमार्ग या नवव्या शतकातल्या ग्रंथात कन्नड मुलूख कावेरीपासून गोदावरीपर्यंत सांगितलाय. गोदावरी म्हटलं की मला रामकुंडच दिसतं 😀 मग नाशिक पण त्यात धरायचं का? आणि कदंब, चालुक्य, राष्ट्रकूट, परत चालुक्य, कोण आधी कोण नंतर, पार गोंधळ झालाय.

जुनं_नाणं: क्रम सोपाय. चौथ्या शतकात बनवासीचे कदंब, त्यांचा मूळपुरुष मयूरशर्मा कांचीला वेद शिकायला गेला, तिथं पल्लवांच्या घोडेस्वाराशी वाजलं आणि गड्यानं पोथी सोडून तलवारच धरली, तालगुंदच्या शिलालेखात आहे हे. त्याच काळात दक्षिणेला गंग. मग बदामीचे चालुक्य, ज्यांच्या दुसऱ्या पुलकेशीनं हर्षवर्धनाला हरवलं. ७५३ च्या सुमारास दंतिदुर्गानं त्यांना उलथवलं ते राष्ट्रकूट, आणि ९७३ ला तैलपानं राष्ट्रकूटांना, ते कल्याणीचे चालुक्य. झालं.

सिन्नरी_माणूस: नाशिकचं विचारशील तर राष्ट्रकूटांचं राज्य होतंच की. त्यांच्या तिसऱ्या गोविंदाचा ताम्रपट आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या वणी-दिंडोरीचा म्हणूनच ओळखला जातो. कविराजमार्ग त्याच्या पोराच्या, अमोघवर्षाच्या दरबारातला, तेव्हा राजधानी मालखेड.
आमच्या सिन्नरचे यादव पण आधी राष्ट्रकूटांचे आणि मग कल्याणीच्या चालुक्यांचे मांडलिक, देवगिरी वगैरे पार बाराव्या शतकात पाचव्या भिल्लमानं केलं. त्यांचे कन्नड लेखही ढिगानं आहेत.

पंचवटी_एक्सप्रेस: म्हणजे आपण सगळे मूळचे कानडी?? उद्या कोणी सीमाप्रश्न नाशकापर्यंत आणेल राव 😂

जुनं_नाणं: अरे राजाचा दरबार कन्नड म्हणून पिकाला पाणी देणारा कुणबी पण कन्नड बोलायचा असं कुठं असतं. ६३४ च्या ऐहोळे लेखात पुलकेशीनं ९९ हजार गावांचे तीन 'महाराष्ट्रक' ताब्यात घेतले असं लिहिलंय, म्हणजे त्यांच्या लेखी पण हा मुलूख वेगळाच होता. आणि उलटंही बघा, श्रवणबेळगोळला गोमटेश्वराच्या पायाशी 'श्री चावुण्डराजें करवियलें' हे मराठीत कोरलंय, तो चावुंडराय गंगांचा मंत्री! माझ्या मते कविराजमार्गातली ओळ कवीनं आपल्या राजाच्या जोरावर ताणलेली आहे. पेपरात मात्र कावेरी ते गोदावरी हेच लिही, तिथं शहाणपणा नको.

सिन्नरी_माणूस: ताणलेली नाय वाटत मला, खालच्या अंगाला नांदेडकडं गोदावरी कन्नड मुलखाच्या जवळच येते की. बाकी पेपरचं बरोबर.

गोदाकाठी_पोऱ्या: ओके, गंगांचं पण टिपून घेतो. होयसळ यात कुठं बसवू?

जुनं_नाणं: कल्याणीवाल्यांचे मांडलिक. ते ढिले पडल्यावर उत्तरेचं यादवांनी आणि दक्षिणेचं होयसळांनी वाटून घेतलं, आणि मग आपसात भांडत बसले.