उधाणाचं पाणी बांधावरून येतंय: खाडी चढली की बांध बसला?

खाडीकाठ_घणसोली
घणसोलीच्या खाडीकाठी मत्स्यतळ्याचा जुना मातीचा बांध आहे. लांबी साधारण ३०० मीटर, मधे एक उघाडी (पाणी आत-बाहेर सोडायचं झडपेचं दार). पूर्वी ४.८ मीटरच्या उधाणालाही पाणी माथ्याच्या वीतभर खाली राहायचं. आता ४.६ लाच दोन ठिकाणी बांधावरून आत सांडतं. शिवाय खाडीच्या अंगाने ४० मीटरभर पायथा तुटून उभी दरड झालीय आणि तिथली तिवरं कललीत. निम्मे लोक म्हणतात समुद्र वाढला, निम्मे म्हणतात बांध बसला. हे मोजून कसं ठरवायचं? आणि दरडीला गॅबियन (दगड भरलेल्या जाळीच्या पेट्या) लावावेत की काँक्रीटची भिंत?

भरतीमापक
आधी हिशोब मांडा. मुंबईत अपोलो बंदरला १८७८ पासून भरतीची नोंद आहे. त्या लांबलचक नोंदीत समुद्र चढण्याचा सरासरी वेग वर्षाला एक मिलिमीटरपेक्षा कमीच येतो. १९९३ नंतरच्या उपग्रह-मापनात उत्तर हिंदी महासागराचा वेग वर्षाला ३ मिमीच्या थोडा वर आहे. हा नवा, जास्तीचा वेग धरला तरी वीस वर्षांत सहा-सात सेंटीमीटर होतात. तुमचा फरक वीतभर अधिक २० सेंमी, म्हणजे जवळपास ४० सेंमी. एवढं एकट्या समुद्राने भरून निघत नाही. याचा अर्थ समुद्र निर्दोष आहे असा नाही. माथा आधीच खाली आलेला असेल तर वरचे सहा सेंटीमीटरच पाणी आत आणतात, आणि वर्षातून दोनदा सांडणारा बांध दहादा सांडायला लागतो.

आता मोजणी. मोबाइलच्या जीपीएसवरची उंची अजिबात धरू नका. उपग्रहाची कच्ची उंची आपल्या भागात समुद्रपातळीपेक्षा साठ-पासष्ट मीटरने वेगळी येते आणि ती दुरुस्त करून दाखवली तरी काही मीटरची चूक राहते. भरतीच्या तक्त्यातला ४.८ हा आकडाही जमिनीपासूनचा नाही. त्याचा शून्य, म्हणजे चार्ट डेटम, सरासरी समुद्रपातळीच्या साधारण अडीच मीटर खाली आहे. म्हणजे ४.८ ची भरती सरासरीच्या २.३ मीटर वर. शिवाय तो आकडा अपोलो बंदरचा. खाडीत आत येताना भरतीची वेळ सरकते आणि उंचीही बदलते, म्हणून तो घणसोलीला जसाच्या तसा लावू नका.

पहिलं काम, न हलणारी खूण. पाइलवर (जमिनीत खोल ठोकलेल्या खांबांवर) उभं असलेलं बांधकाम शोधा, खडकावरचं असेल तर उत्तम. भरावावरचा गेटचा खांब किंवा कंपाउंडची भिंत चालणार नाही, ती बांधाबरोबरच बसत असते. तिथून माथ्यावर दर २० मीटरला उंची घ्या. डंपी लेव्हल (उंचीतला फरक मोजायची दुर्बीण) भाड्याने मिळाली तर बरंच, नाहीतर गवंड्याची पारदर्शक नळी चालते. नळीत एकही बुडबुडा नको, दोन्ही तोंडं उघडी, आणि नळी उन्हात अर्धी तापलेली नको. दर टप्प्याला दोन-तीन मिमी चूक धरा. त्याच जागा दर सहा महिन्यांनी मोजा. वर्षात माथा तीन-चार सेंमी खाली गेला की बांध बसतोय, वादच नाही.

दुसरं काम पाण्याची पातळी. ६३ मिमीचा पीव्हीसी पाइप उभा पक्का बांधा. तळाचं तोंड बंद करून खालच्या बाजूने ४-५ मिमीची चार-पाच भोकं पाडा, म्हणजे लाटेचा हिसका आत येत नाही. आत लाकडी पट्टी आणि चिमूटभर बुचाची पूड. पाणी जिथवर चढलं तिथे पूड पट्टीला चिकटून राहते. रात्रीच्या भरतीला जागायला नको. हिवाळ्यात मोठं उधाण रात्रीचं आणि पावसाळ्यात दुपारचं येतं, त्यामुळे ही सोय कामाची आहे.

नोव्हेंबर ते मार्च, वारा पडलेल्या दिवसांतलीच तुलना धरा. हवेचा दाब एक हेक्टोपास्कलने उतरला की पाणी सुमारे एक सेंमी फुगतं, आणि पावसाळ्यात नैऋत्येचा वारा वेगळा. तुमची पातळी वजा तक्त्यातली पातळी, असा फरक प्रत्येक उधाणाला लिहा. चंद्राच्या कक्षेचं १८.६ वर्षांचं चक्र भरतीची उंची वरखाली करतं, तेव्हा तीन-चार वर्षांच्या वहीवरून समुद्राबद्दल निकाल देऊ नका. बांधाबद्दल मात्र एका वर्षात कळेल.

बांधबंदिस्ती
दरडीचं कारण समुद्रपातळीत शोधू नका, पायथ्यात शोधा. ओहोटीला जाऊन बघा. प्रवाह वळणाच्या बाहेरच्या अंगाला घासतोय का, होड्यांच्या लाटा तिथेच आपटतात का, आसपास ड्रेजरने रेती काढून पात्र खोल केलंय का. पात्र खोल झालं की काठाचा चिखल त्या खड्ड्याकडे सरकतो. तिवरं पाण्याकडे कललीत तर मुळाखालची माती गेली. तळ्याकडे कललीत तर अख्खा काठ गोल फिरून बसतोय, आणि मग माथ्यावर लांबट भेग दिसेलच. त्या भेगेत पाणी शिरू देऊ नका, ओल्या मातीने ठेचून बंद करा.

काँक्रीटची भिंत नकोच. खाली मऊ खाडीची माती, भिंत जड. ती बसते, कलते. लाट सरळ भिंतीवर आपटून खाली पायथा खणते, आणि भिंतीच्या दोन्ही टोकांना नवी दरड सुरू होते. गॅबियनची साधी गॅल्व्हनाइज्ड जाळी खाऱ्या पाण्यात काही वर्षांत गंजून फुटते. लावायचेच तर पीव्हीसी आवरणाची जाळी घ्या. एक घनमीटरची पेटी दीड टनाच्या वर जाते, तेव्हा मऊ चिखलावर उंच रास नको. दगडाच्या पिचिंगचंही (उतारावर दगड रचण्याचंही) तेच. खाली जिओटेक्स्टाइल (पाणी सोडून माती अडवणारं कापड) किंवा १५ सेंमी बारीक खडीचा थर नसेल तर प्रत्येक ओहोटीला फटीतून गाळ ओढला जातो आणि वर्षभरात दगड पोटात जातात.

मातीकाम असं करा. खाडीकडचा उतार तीनास एक (तीन आडवे, एक उभा), तळ्याकडे दोनास एक, माथा किमान दीड मीटर. सगळ्यात मोठ्या उधाणाच्या वर ६० सेंमी, आणि बसणार म्हणून उंचीच्या १५-२० टक्के जास्त. माती तळ्याच्या आतून घ्या, पण बांधाच्या पायथ्यापासून पाच-सहा मीटर सोडून; पायथ्याशी खणलं तर बांध त्याच खड्ड्यात घसरेल. जुन्या बांधावर नवी माती नुसती ओतू नका. गवत-मुळं काढून पायऱ्या कापा, मग २० सेंमीचे थर ठोका, प्रत्येक थर सुकू द्या. मुरूम फक्त माथ्यावर, पोटात घातला तर पाणी पाझरतं.

खेकड्यांची बिळं हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. भरती पूर्ण असताना तळ्याच्या बाजूने चाला. ओला डाग किंवा बारीक धार दिसली तिथे खूण करा. ओहोटीला बीळ दोन्हीकडून उकरून, चिखल कालवून ठासा. नुसतं तोंड बुजवलं तर आतली पोकळी तशीच राहते. उघाडीच्या दोन्ही कडांनाही असाच पाझर असतो. बहुतेक खांडी (बांध फुटून पडणारी भगदाडं) तिथूनच जातात. उघाडीच्या झडपेत प्लास्टिक किंवा ओंडका अडकून ती अर्धी उघडी राहते, बिजागरी गंजते. दर उधाणाआधी हाताने उघडमीट करून बघा.

पाण्यालगतचं काम भांगाच्या (लहान भरतीच्या) दिवसांत, अष्टमीच्या आगेमागे करा. खांड पडलीच तर नुसती कडेने भरत आणू नका. तोंड अरुंद होईल तसा पाण्याचा वेग वाढतो आणि तळ खणला जातो. आधी तळावर वाळूची पोती आणि बांबूची चटई, मग भांगाच्या ओहोटीला एका दमात बंद.

कांदळवन_ठाणे
मातीला हात लावण्याआधी कागद बघा. तिवरांचा पट्टा सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) १-अ मध्ये येतो. १००० चौरस मीटरच्या वर कांदळवन असेल तर २०११ च्या अधिसूचनेत भोवती ५० मीटरचा पट्टाही धरलेला आहे. २०१८ च्या मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालानंतर कांदळवनात भराव किंवा तोड सरळ गुन्ह्यात जाते. समोर ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०१५ पासून घोषित, २०२२ पासून रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा). बांध कोणत्या हद्दीत येतो ते तहसीलदार आणि वनविभागाच्या कांदळवन कक्षाकडून लेखी घ्या, आणि अर्जाला आत्ताचे मापांचे फोटो जोडा.

दरडीच्या तोंडावर रोपं लावू नका, वाहून जातील. तिवर टिकतं ते सरासरी पातळी आणि उधाणाची रेघ यांच्या मधे, गाळ साठतो तिथे. आधी पायथ्यापुढे बांबूचं कुंपण घालून गाळ अडवा. गाळ बसला की पावसाळ्यात पडणारं तिवराचं बी आपसूक रुजतं.

खाडीकाठ_घणसोली
धन्यवाद. भेग आहे, माथ्यावर बारा मीटर लांब, आणि तिवरं तळ्याकडे कललीत. मग आधी माथा उंच करू की पायथा?

बांधबंदिस्ती
मग माथ्यावर एक घमेलंही टाकू नका. काठ फिरून बसतोय, वरचं वजन त्याला आणखी लोटेल. आधी पायथ्याला भार हवा: जिओटेक्स्टाइल, त्यावर दगडाचा रुंद, बुटका पट्टा, परवानगी घेऊनच. तोवर भेगेच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकून अंतर आठवड्याला मोजा. मोठ्या ओहोटीला तळ्याचं पाणी वर आणि खाडी खाली अशी वेळ येऊ देऊ नका. त्या दिवसांत तळं अर्ध्या हाताने उतरवून ठेवा. बांध बहुतेक वेळा तेव्हाच खाडीकडे ढासळतो, भरतीला नव्हे.