मदत हवी आहे: श्रवणयंत्र लावणाऱ्या बाबांना नॅसकारच्या रेसला नेऊ का?

डावे_वळण

नमस्कार मंडळी,

आई-बाबा सध्या आमच्याकडे अमेरिकेत, शार्लटला आलेत. बाबा ७४ वर्षांचे, एसटीच्या वर्कशॉपमधून हेड मेकॅनिक म्हणून निवृत्त. दोन्ही कानांत श्रवणयंत्र, बीपीची गोळी चालू, जिना चढताना गुडघे कुरकुरतात. बाकी ठणठणीत. मेच्या अखेरीस, मेमोरियल डेच्या (हुतात्मा सैनिकांच्या स्मृतिदिनाच्या) आदल्या रविवारी इथून जवळच, कॉनकॉर्डच्या ट्रॅकवर कोका-कोला ६०० ही नॅसकारची, म्हणजे इथल्या मोटार शर्यतींच्या मालिकेतली, रेस आहे आणि बाबांनी यायचा हट्ट धरलाय. आई म्हणते, "त्यांच्या कानांचं जे काही उरलंय तेही घालवून आणशील." नवरा तटस्थ. त्याला हा खेळ म्हणजे पेट्रोलची नासाडी वाटते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: दीड मैलाचा ट्रॅक, ४०० फेऱ्या, एकूण ६०० मैल. नॅसकारच्या वर्षभराच्या वेळापत्रकातली सगळ्यात लांब रेस. संध्याकाळी सहाच्या सुमारास सुटते आणि सगळं सुरळीत झालं तरी चार तासांच्या वर चालते. पाऊस आला तर मग देवाक काळजी. २०२४ ला मी तिथेच होते. २४९ फेऱ्या झाल्या आणि आभाळ फाटलं. सगळे स्टँडखालच्या गल्लीत दाटीवाटीने उभे, कोणी पावसाची प्लास्टिकची पिशवी डोक्यावर घेतलेली, कोणी मुलाला खांद्यावर झोपवलेलं. अशा लंबगोल ट्रॅकवर ओलं असताना या वेगाने गाड्या पळवता येत नाहीत, त्यामुळे ट्रॅक वाळवायची यंत्रं फिरत राहिली. शेवटी अकरानंतर कधीतरी जाहीर झालं की आता पुढे होणार नाही, ख्रिस्तोफर बेल विजेता. बाबांना घेऊन तशी रात्र काढायची कल्पनाच करवत नाही.

पण बाबांची आवड खरी आहे हो. टीव्हीवर माझ्या शेजारी बसून बघतात आणि रेस कोण जिंकतंय याच्याशी त्यांना घेणंदेणं नसतं. त्यांचा डोळा पिटवर, म्हणजे टायर-पेट्रोलसाठी गाड्या थांबतात त्या जागेवर. गाडी आत येते, भिंतीवरून पाच जण उड्या मारतात: एक जॅकवाला, दोघं टायर बदलणारे, एक टायर आणून देणारा, एक पेट्रोलवाला. चार टायर आणि पेट्रोल, दहा-अकरा सेकंदांत गाडी बाहेर. २०२२ पासून चाकाला पाचऐवजी एकच मोठा नट आला, हे सांगितल्यावर बाबा नाराज झाले. "मग त्यात काय कसब राहिलं?" इंजिन अजून जुन्या धाटणीचं, पुशरॉडवालं व्ही-८ आहे, जवळजवळ ५.९ लिटरचं, हे ऐकून मात्र स्वारी खूश.

२०२५ च्या ६०० ची गोष्टही त्यांना सांगितली. सरावात रॉस चॅस्टेनची गाडी भिंतीवर आदळून निकामी झाली, टीमने रात्रभर जागून दुसरी उभी केली, तो ४०व्या म्हणजे अगदी शेवटच्या जागेवरून सुटला आणि अखेरच्या काही फेऱ्यांत विल्यम बायरनला मागे टाकून जिंकला. बाबांचा प्रश्न: "रात्रभर जागलेल्यांची नावं सांगितली का कोणी?"

तर, मला हवी असलेली माहिती:

श्रवणयंत्र काढून वर इअरमफ (आवाज अडवणारी, कान झाकणारी टोपणं) लावायचे की यंत्र बंद करून तसंच ठेवायचं? स्कॅनर भाड्याने घेऊ का? (स्कॅनरवर ड्रायव्हर, त्याचा क्रू चीफ (टीमचा प्रमुख) आणि वर छतावर उभा राहून "आत गाडी आहे, आता मोकळं" असं सांगणारा स्पॉटर यांचं बोलणं ऐकू येतं. मला तर त्याशिवाय रेस अळणी लागते.) चार-पाच तास बसणं झेपेल का? की ६०० सोडून दुसरं काही दाखवावं?

रानजाई

ताई, कानांबद्दल सांगते, कारण माझं कामच ते आहे.

यंत्र बंद करून कानात ठेवू नका. बंद यंत्र म्हणजे बूच नव्हे. बऱ्याच यंत्रांच्या टोकाला हवा खेळायला छिद्र असतं, तिथून आवाज सरळ आत जातो. आणि चालू ठेवून वर मफ चढवले तर शिट्टी वाजेल. काढा, त्याच्या डबीत घाला, डबी तुमच्या पर्समध्ये. टिशूत गुंडाळून खिशात ठेवू देऊ नका, ती यंत्रं कचऱ्यात जातात हा रोजचा अनुभव.

मग फोमचे प्लग नीट पिळून, कान वर-मागे ओढून आत सरकवा, आणि त्यावर मफ. दोन्हींचं संरक्षण बेरजेने वाढत नाही, जास्त चांगलं जे असेल त्यावर साधारण ५ डेसिबल मिळतात, पण तेवढेही मोलाचे. नायॉश या अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेचा हिशोब असा: ८५ डेसिबलला आठ तास चालतात, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. १०० ला जेमतेम पाव तास. स्टँडमध्ये गाड्यांचा घोळका समोरून जाताना १०० सहज ओलांडतो. "आधीच ऐकू येत नाही, मग काय बिघडणार" असं घरोघरी म्हणतात. उलट आहे, उरलेलं जपायचं असतं. कानात गुंई आवाज येत असेल तर आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा.

स्कॅनरचे हेडफोन मफसारखेच असतात, पण ऐकू येईना म्हणून बाबा आवाज वाढवत नेतील. मी देणार नाही.

चौकस

नुसतं डावीकडे वळत गोल गोल फिरायचं, त्यात बघायचं काय? प्रामाणिक प्रश्न आहे.

डावे_वळण

@रानजाई, खूप आभार. आईला वाचून दाखवलं, ती पन्नास टक्के विरघळली.

@चौकस, टीव्हीवर मलाही तसंच वाटायचं. प्रत्यक्षात पहिल्यांदा हिरवा झेंडा पडला आणि चाळीस गाड्या एकदम समोरून गेल्या तेव्हा आवाज कानांच्या आधी बरगड्यांना कळला. खालच्या रांगांत बसलात तर टायरचे रबरी कण अंगावर येतात, माझ्या नाचोजवरचे काळे ठिपके मी आधी मिरी समजले होते. आणि ट्रॅक सगळे एकसारखे नसतात. टॅलाडेगा २.६६ मैलांचा, वळणं ३३ अंशांत कललेली, तिथे गाड्या एकमेकींच्या मागच्या हवेत चिकटून पळतात आणि एक चुकला की वीस जण भंगारात. ब्रिस्टल अर्ध्या मैलाचं काँक्रीटचं भांडं, रात्रीच्या दिव्यांत तिथे बसायला मजा येते. डार्लिंग्टन तर अंड्याच्या आकाराचा आहे, दोन टोकांची वळणं वेगवेगळी, त्यामुळे एका टोकाला गाडी बरी चालली की दुसऱ्या टोकाला रुसते. मला स्वतःला डार्लिंग्टन सगळ्यात आवडतो. टॅलाडेगाचं कौतुक जरा जास्तच होतं असं माझं मत, शिव्या द्या हवं तर.

व्हर्जिनियावासी

मी मार्टिन्सव्हिलचं नाव सुचवतो. शार्लटहून दोनेक तास. ट्रॅक ०.५२६ मैल, कुठेही बसलं तरी अख्खा दिसतो, पिटसुद्धा समोर. गाड्या वळणावर इतक्या हळू होतात की ब्रेकच्या चकत्या लाल झालेल्या दिसतात. मेकॅनिक माणसाला आणखी काय हवं? जिंकणाऱ्याला करंडकाऐवजी उंच लाकडी घड्याळ देतात.

अवांतर: आपल्या नारायण कार्तिकेयनने २०१० साली नॅसकारच्या ट्रक मालिकेत पदार्पण केलं ते इथेच, १३वा आला होता. बाबांना सांगा.

मीनाक्षी_क

आम्हीही शार्लटमध्येच आहोत, पण कधी गेलो नाही. खरं सांगायचं तर तिथे आपल्यासारखे कोणी नसतील, लोक कसे बघतील, हीच धाकधूक. तुझा अनुभव काय?

डावे_वळण

@मीनाक्षी_क, रास्त प्रश्न. देशी चेहरे कमी दिसतात हे खरं. इतिहासही गोड नाही: वेंडेल स्कॉट १९६३ च्या डिसेंबरमध्ये जॅक्सनव्हिलला जिंकला, नॅसकारच्या मुख्य मालिकेत जिंकणारा पहिला कृष्णवर्णीय, पण त्या दिवशी करंडक दुसऱ्याच्याच हातात गेला. घरच्यांना रीतसर करंडक मिळाला तो २०२१ मध्ये. कॉन्फेडरेट झेंड्यावर (गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या दक्षिणेकडच्या राज्यांचा झेंडा) ट्रॅकवर बंदी आली २०२० च्या जूनमध्ये. बाहेर रस्त्याकडेला मला तो नंतरही दिसलाय, आणि दिसला की पोटात गोळा येतोच.

स्टँडमध्ये मात्र मला वाईट अनुभव नाही. शेजारी कोणीतरी आजोबा असतात, तुम्ही कोणाच्या बाजूने विचारतात आणि उत्तर चुकीचं असलं तर तासभर समजावतात. एका काकूंनी माझ्याकडच्या तिखटमिठाच्या पुऱ्या खाऊन कृती लिहून घेतली. हो, घरचं खाणं नेता येतं! मऊ कापडाची कूलर बॅग चालते, काच चालत नाही. माप ट्रॅकच्या संकेतस्थळावर बघून घ्यायचं. शाकाहारी माणसाची यामुळेच सोय होते, नाहीतर आत हॉट डॉग आणि बटाट्याच्या सळ्या एवढंच.

रविवारी मेमोरियल डेचं वातावरण असतं, गाड्यांच्या काचेवर हुतात्मा सैनिकांची नावं लिहिलेली, मध्येच रेस थांबवून सगळं मैदान गप्प उभं राहतं. ते बाबांना दाखवावंसं फार वाटत होतं.

ग्रीसगन

मग शनिवारी का नेत नाही? ६०० च्या आदल्या दिवशी त्याच ट्रॅकवर दुय्यम मालिकेची ३०० मैलांची रेस असते. निम्मं अंतर, गर्दी कमी, तिकीट स्वस्त, पिटचं काम साधारण तसंच. कंटाळले किंवा डोकं दुखलं तर उठून यायचं, हळहळ नाही.

जागा: वरची रांग घ्या, खालून काहीच दिसत नाही, तारेच्या जाळीतून डोळे दुखतात. पण वरची म्हणजे पायऱ्या आल्या. तिकीट खिडकीला फोन करून सांगा की गुडघ्यांचा त्रास आहे, पायऱ्या न चढता पोचता येतील अशा जागा राखीव असतात. संकेतस्थळावर शोधत बसू नका, फोनवर माणूस लवकर समजतो. पिटचा प्रवेशमार्ग दिसेल अशी जागा मागा. पाठ नसलेला बाक मिळाला तर घडीची पाठीची गादी न्या.

आणि गाडी कुठे लावली त्याचा फोटो काढा. सुटताना ते मैदान म्हणजे पंढरपूरचं वाळवंट.

रेस न झेपली तरी हेन्ड्रिक मोटरस्पोर्ट्सचं आवार कॉनकॉर्डमध्येच आहे, तिथलं संग्रहालय बघता येतं. एसी, शांतता, आणि हात लावण्याच्या अंतरावर गाड्या.

रानजाई

शनिवारची कल्पना उत्तम. एकच राहिलं: यंत्र काढल्यावर बाबांशी बोलणार कसं? मुलांची पुसता येणारी पाटी न्या. "पाणी?", "बाथरूम?", "निघू या?" हे तीन शब्द मागच्या बाजूला कायमचे लिहून ठेवा, बोट दाखवलं की झालं.

डावे_वळण

ठरलं. शनिवार. आज फोन केला, पायऱ्यांशिवायच्या चार जागा मिळाल्या, कारण आईही येतेय, "लक्ष ठेवायला". पाऊस आलाच तर रेस ज्या दिवशी ढकलतील त्या दिवशी तेच तिकीट चालेल, हे विचारून घेतलं. रविवारी मी एकटी जाईन, स्कॅनरसकट. मार्टिन्सव्हिल पुढच्या खेपेला.

आता शेवटचं. आईचं डोकं लहान आहे, दुकानातले मोठ्यांचे मफ घसरतात. शार्लटमध्ये कोणाकडे लहान मापाचे आहेत का, दोन दिवसांसाठी?

मीनाक्षी_क

माझ्या लेकीचे आहेत, ढोलताशाच्या सरावासाठी घेतलेले. जांभळे आहेत, चालतील ना? व्यनि (खासगी निरोप) केलाय. आणि शनिवारची आणखी तिकिटं उरलीत का तेही कळव, आम्ही तिघं येऊ म्हणतोय.