टॅब की स्पेस? पाच जणांच्या सामायिक कोडसाठी सल्ला हवा

कृष्णाकाठ: नमस्कार मंडळी. सांगलीतल्या हळद अडतीच्या हिशेबाची प्रणाली आहे. सर्व्हरचा भाग पायथनमध्ये, स्क्रीन जावास्क्रिप्टमध्ये. तिघे सांगलीत, दोघे साताऱ्यात. ओळ आत सरकवायला (इंडेंटला) कोणी टॅब देतो, कोणी चार स्पेस. एक ओळ बदलली तरी डिफमध्ये (गिट दाखवतं त्या जुन्या-नव्या कोडच्या फरकात) अख्खी फाइल लाल-हिरवी होते. नियम कोणता ठेवावा आणि जुना कोड कसा सुधारावा?

अजिंक्यतारा: पायथनला चार स्पेस, यात वाद नको. पेप ८ (पायथनची अधिकृत लेखनशैली) तेच सांगतं. पायथन २ टॅबला पुढच्या आठच्या पटीपर्यंत मोजायचं, त्यामुळे एडिटरात सरळ दिसणारी ओळ प्रत्यक्षात भलत्याच ब्लॉकमध्ये जायची. पायथन ३ अशा सरमिसळीवर टॅब-एरर देऊन थांबतं, ते बरंच आहे. जावास्क्रिप्टला प्रीटिअर हा फॉर्मॅटर (कोडची मांडणी आपोआप एकसारखी करणारं साधन) लावा. त्याचा डिफॉल्ट दोन स्पेस.

रेपोच्या (प्रकल्पाच्या गिट-फोल्डरच्या) मुळाशी एडिटरकॉन्फिगची फाइल ठेवा, म्हणजे सगळ्यांचे एडिटर इंडेंटचा एकच नियम पाळतील. व्हीएस कोडला त्याचं एक्स्टेंशन लागतं. त्या फाइलमध्ये मेकफाइलसाठी (मेक या बिल्ड-साधनाच्या फाइलसाठी) टॅबचा वेगळा नियम लिहा, नाहीतर मेक 'मिसिंग सेपरेटर' म्हणून अडतं. यॅमलचं (सेटिंगच्या फाइलींचा एक प्रकार) उलट: तिथे इंडेंटला टॅब चालतच नाही.

माणदेशी: आधी दुखणं नक्की टॅबचंच आहे का ते बघा. अख्खी फाइल बदललेली दिसते तेव्हा बऱ्याचदा विंडोजच्या ओळ-शेवटांचा (ओळ संपल्याच्या अदृश्य खुणांचा) घोळ असतो. 'गिट एलएस-फाइल्स --ईओएल' चालवलं की लगेच कळेल. तसं असेल तर गिटअ‍ॅट्रिब्यूट्स या फाइलमध्ये 'टेक्स्ट=ऑटो' टाका.

वारणा_खोरं: टॅबची बाजूही ऐका. नजर कमी असलेल्या माणसाला टॅबची रुंदी स्वतःपुरती दोन किंवा आठ करता येते, स्पेसला ती सोय नाही. जावास्क्रिप्टसाठी प्रीटिअरमध्ये 'यूज-टॅब्स' चालू करता येतं. टीममध्ये कोणाला गरज आहे का, ते आधी विचारा.

अजिंक्यतारा: मान्य. गरज असेल तर जावास्क्रिप्टला टॅबच ठेवा.

कृष्णाकाठ: ओळ-शेवट ठीक निघाले, घोळ टॅबचाच आहे. पण दोन ब्रँच (मुख्य कोडपासून वेगळं चाललेलं काम) अजून उघड्या आहेत. आणि बदल केला की ब्लेममध्ये (कोणती ओळ शेवटी कोणी बदलली ते दाखवणारी गिटची सोय) सगळीकडे एकच नाव येईल ना?

माणदेशी: सेटिंगच्या फाइली आधी वेगळ्या कमिट करा (गिटमध्ये नोंदवा). मग ब्लॅक (पायथनचा फॉर्मॅटर) आणि प्रीटिअर चालवून फक्त फॉरमॅटिंगचा एकच कमिट. त्यात दुसरा एकही बदल नको. त्याचा पूर्ण ४० अक्षरी हॅश (कमिटची ओळख) 'डॉट-गिट-ब्लेम-इग्नोर-रेव्ह्ज' फाइलमध्ये लिहा. गिटहब ती आपोआप वाचतं. प्रत्येकाच्या मशीनवर मात्र 'ब्लेम.इग्नोररेव्ह्जफाइल' सेट करावं लागेल, गिट २.२३ किंवा पुढचं हवं. हे ग्लोबल करू नका. फाइल नसलेल्या दुसऱ्या रेपोत ब्लेम एरर देऊन थांबतं.

उघड्या ब्रँचमध्ये फॉरमॅटिंगच्या लगेच आधीचा कमिट मर्ज करा, तिथे तेच फॉर्मॅटर त्याच आवृत्तीने चालवून कमिट करा, आणि मग फॉरमॅटिंगचा कमिट '-एस अवर्स'ने (म्हणजे ब्रँचमधला कोड तसाच ठेवून) मर्ज करा. 'इग्नोर-स्पेस-चेंज' वापरून मर्ज करण्याचा शॉर्टकट पायथनला घातक आहे. सहकाऱ्याने एखादी ओळ फक्त आत सरकवून इफखाली घेतली असेल, तर गिट तो बदल मोकळ्या जागेचा समजून टाकून देतं आणि कॉन्फ्लिक्टही दाखवत नाही.

अजिंक्यतारा: सीआयमध्ये (कोड आला की आपोआप होणाऱ्या तपासणीत) दोन्ही फॉर्मॅटर '--चेक' लावून चालवा. त्यांच्या आवृत्त्या पक्क्या बांधा, नाहीतर सांगलीची नवी आणि साताऱ्याची जुनी आवृत्ती एकमेकींचा कोड परत बदलत बसतील.