रक्त दिसलं की मूळव्याधच समजू नका

ताई, वडिलांना दोन महिन्यांपासून शौचातून रक्त जातंय आणि घरचे सावजी रश्श्याला दोष देताहेत, असं तुम्ही लिहिलंय. कृपया थांबू नका. नागपुरातल्या महाल भागात राहणाऱ्या माझ्या काकांनी तर्री-पोहे सोडले, रोज रात्री इसबगोल घेतलं आणि वर्ष घालवलं. पट्ट्याला दोन नवी भोकं पाडावी लागली तेव्हा कुठे कोलोनोस्कोपी, म्हणजे गुदद्वारातून कॅमेऱ्याची नळी घालून आतड्याची तपासणी, केली. मोठ्या आतड्यात गाठ निघाली.

तिखटानं जळजळ होते, वजन उतरत नाही. रक्त, सतत थकवा, पन्नाशीनंतर अचानक बदललेली शौचाची सवय, यांतलं काहीही असलं तरी पोटविकारतज्ज्ञांकडे जा. डांबरासारखी काळी, चिकट शौच झाली किंवा पोट फुगून उलट्या होताहेत आणि गॅसही सरत नाही, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी. वडील लाजतील, तुम्ही सोबत जा.