‘फेरखटला’, ‘फेरसुनावणी’ की ‘पुनर्विचार’?

सबटायटलवाली: एका अमेरिकन कोर्ट-मालिकेची मराठी सबटायटल्स करतेय. आरोपी दोषी ठरलाय आणि त्याचा वकील त्याच न्यायाधीशांकडे खटला पुन्हा चालवा म्हणून अर्ज करतो. मी ‘फेरसुनावणी’ लिहिलं, तपासणाऱ्यांनी ‘पुनर्विचार’ केलं. मला दोन्ही खटकतंय. सरळ ‘नवा खटला’ लिहू का?

काळा_कोट: ‘नवा खटला’ नको. ‘त्याच्यावर नवा खटला’ म्हटलं की आणखी कुठलातरी गुन्हा अंगावर आला असं वाटतं. सुनावणी नुसत्या जामीन अर्जाचीही होते. पुनर्विचारात कोर्ट आपलाच निकाल पुन्हा तपासतं, साक्षी नव्याने होत नाहीत. इथे जुना निकाल रद्द होऊन साक्षीदार पुन्हा पिंजऱ्यात येणार आहेत, म्हणून फेरखटला. सरकारी मराठीत ट्रायलला ‘संपरीक्षा’ म्हणतात, पण ‘फेरसंपरीक्षा’ वाचून लोकांना एटीकेटी आठवेल.

सबटायटलवाली: आपल्याकडे असा अर्ज त्याच जजकडे चालतो?

काळा_कोट: नाही. सही झालेल्या निकालात लेखनातली किंवा हिशेबाची चूक सोडली तर त्या कोर्टाला बदल करता येत नाही. अपिलात जायचं. तिथे फेरखटल्याचा अधिकार पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३८६ मध्ये होता, १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेच्या ४२७ मध्ये आहे. पण हात आखडूनच देतात. कागदोपत्री त्रुटी दाखवून भागत नाही, त्या त्रुटीमुळे आरोपीला न्यायच मिळाला नाही हे दिसावं लागतं. दिल्लीच्या १९९७ च्या बसस्फोटात फाशीची शिक्षा सुनावलेल्या आरोपीच्या बाजूने बहुतेक साक्षीदारांच्या वेळी वकीलच नव्हता. २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने फेरखटला दिला. नुसता नवा पुरावा सापडला असेल तर अपील कोर्ट तेवढाच नोंदवून घेऊ शकतं, अख्खा खटला परत कशाला?

मालिका मात्र चुकलेली नाही. अमेरिकेच्या फेडरल कोर्टात नियम ३३ खाली अर्ज त्याच कोर्टात होतो. नव्या पुराव्यासाठी ३ वर्षं, बाकी कारणांसाठी १४ दिवस.

डॉकयार्ड_रोड: २००२ च्या गुजरात दंगलीतल्या बेस्ट बेकरी हत्याकांडाचा फेरखटला आमच्या माझगावात चालला होता की! २००४ मध्ये सुप्रीम कोर्टाने महाराष्ट्रात पाठवला, २००६ मध्ये ९ जणांना जन्मठेप. तेव्हा पेपरात ‘फेरखटला’च वाचल्याचं आठवतंय.

काळा_कोट: शब्द तोच, पण तिथे आधी सगळे सुटले होते. प्रश्न दोषी ठरलेल्याचा आहे.

आणि कोर्टात आम्ही काय बोलतो ते तर लिहूच नका: ‘मॅटर रिमांड झालं’, म्हणजे खालच्या कोर्टात परत गेलं. एकदा फोर्टच्या सेशन्स कोर्टाच्या जिन्यात मी हे एका आरोपीच्या आईला सांगितलं, जरा खुशीतच. बाई कठड्याला धरून खालीच बसल्या. म्हणाल्या, ‘वकीलसाहेब, पोरगं परत पोलिसांच्या ताब्यात का?’