सीएसएमटीवर अडीच हजार कोटी घालायचे की बाकीची जुनी स्टेशनं नीट करायची?

दगडी_कमान

सप्टेंबर 2022 मध्ये केंद्राने नवी दिल्ली, अहमदाबाद आणि सीएसएमटी (छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, म्हणजे जुनं व्हीटी) या तीन स्टेशनांच्या पुनर्विकासाला मिळून दहा हजार कोटींच्या आसपास मंजुरी दिली, त्यात आपल्या सीएसएमटीचं काम जवळपास अडीच हजार कोटींचं. मूळ इमारतीला हात लावणार नाही म्हणतात, ते ठीकच आहे, 2004 पासून युनेस्कोच्या यादीत आहे म्हटल्यावर लावूही शकत नाहीत. पण माझं म्हणणं असंय की मुंबईत जुनं स्टेशन म्हणजे फक्त व्हीटी असं आपण धरून चाललोय आणि तिथेच चूक होतेय. भायखळा बघा. 1853 ला पहिली गाडी बोरीबंदरहून ठाण्याला गेली तेव्हापासूनचं ठिकाण, इमारत एकोणिसाव्या शतकातली, आणि कित्येक वर्षं त्यावर रंगाचे थर, वायरी, पत्रे, बोर्ड काय काय चढवून ठेवलेलं. 2022 ला ते सगळं उतरवून मूळ रूप बाहेर काढलं, लाकूडकाम, खिडक्या, लोखंडी जाळी सगळं, आणि त्याला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक पुरस्कारही मिळाला. यातलं बरंचसं काम खाजगी ट्रस्टच्या पैशातून झालं, रेल्वेच्या तिजोरीतून नाही. मग हेच वांद्र्याला का नको? 1888 ची इमारत, उतरती कौलारू छपरं, समोर उभं राहून नीट बघायलाही जागा नाही इतकं सगळं अंगावर आलेलं. एका मोठ्या प्रोजेक्टपेक्षा अशी पाच-सहा स्टेशनं करा, असं माझं स्पष्ट मत.

ठाणे_स्लो

कमानसाहेब, राग मानू नका पण हे सगळं सुटीच्या दिवशी कॅमेरा घेऊन फिरणाऱ्याचं मत वाटतंय. भायखळ्याला सकाळी साडेनऊला उतरून बघा. गाडीतून उतरलेला माणूस पुलाकडे धावतो, पुलावरून थेट रस्त्यावर पडतो. ती सुंदर खिडकी आणि ती जाळी त्याने बघितलीच नाही, बघणारही नाही. 29 सप्टेंबर 2017 ला एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर 23 माणसं चेंगरून गेली, तेव्हा तिथे कमी काय होतं? रुंद जिना. कमान कमी नव्हती. त्या स्टेशनचं पुढे प्रभादेवी झालं, त्याने पण जिना रुंद होत नसतो. हेरिटेजवर एक रुपया खर्च करायच्या आधी सगळे पूल रुंद करा, मग बोलू.

कुर्ल्याची_पाहुणी

ठाणे_स्लो +१. आणि बायकांसाठी धड टॉयलेट. एवढंच.

ब्रेकव्हॅन

मी अजून वेगळं बोलतो, शिव्या खाईन बहुतेक. व्हीटी हे स्टेशन म्हणून कधीच ग्रेट नव्हतं. ते मुळात ऑफिस आहे ज्याच्या मागे स्टेशन जोडलंय. आर्किटेक्ट स्टीव्हन्सने 1878 ते 1888 अशी दहा वर्षं घालून जे बांधलं ते जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचं हेडक्वार्टर. तो मोठा घुमट कशावर आहे? अधिकाऱ्यांच्या जिन्यावर. वर पुतळा आहे प्रगतीचा, तो दिसायला रस्ता ओलांडून महापालिकेच्या बाजूला जावं लागतं (ती महापालिकेची इमारत पण त्याचीच, 1893 ची). पॅसेंजरच्या वाट्याला काय आलं तर शेड. लोकलच्या तिकिटांचा हॉल भारी आहे हे मान्य, छतावर चांदण्या वगैरे, पण रांगेतला माणूस वर बघतो का खिडकीवरचा माणूस सुटे पैसे मागतोय तिकडे बघतो?

माझ्या मते मुंबईतलं सगळ्यात चांगलं जुनं स्टेशन म्हणजे मुंबई सेंट्रल. क्लॉड बॅटलीचं डिझाईन, शापूरजी पालनजींचं बांधकाम, 21 महिन्यांत उभं, डिसेंबर 1930 ला चालू. नक्षी नाही, राक्षसांची तोंडं नाहीत, सरळ काँक्रीट. आत शिरलात की मोठा मोकळा हॉल, समोर गाड्या, कुठे जायचं ते कोणाला विचारावं लागत नाही. नव्वदहून जास्त वर्षं झाली तरी राजधानी तिथूनच सुटते. पण त्याचे फोटो काढायला कोणी जात नाही कारण त्यावर मोर-माकडं नाहीत.

दगडी_कमान

ब्रेकव्हॅन, सेंट्रलबद्दल शंभर टक्के सहमत, मी पण त्याच्याच बाजूने आहे, जुनं म्हणजे गॉथिकच असं मी कुठे म्हटलं. पण "पॅसेंजर बघत नाही म्हणून महत्त्वाचं नाही" हे पटत नाही. जिना रुंद करायला भायखळ्याची खिडकी आडवी आली नव्हती ना! दोन्ही खर्चाच्या वेगळ्या हेडखाली येतात. ठाणे_स्लो, तुम्ही जो पैसा हेरिटेजचा म्हणताय त्यातला बहुतेक नव्या छतावर, पार्किंगवर आणि दुकानांवर जाणार आहे, दगड धुण्यावर नाही.

नाना_चौक

इथे अजून कोणी मूळ मुद्द्याला हात घातला नाही म्हणून लिहितो. हे आपण ब्रिटिशांचं ओझं किती दिवस गोंजारणार? व्हीटीच्या गेटवर एका खांबावर सिंह आणि दुसऱ्यावर वाघ, सिंह म्हणजे ते आणि वाघ म्हणजे आपण, दोघांना दारात बसवलंय शोभेला. मधे व्हिक्टोरिया राणीचा पुतळा होता तो काढला ते बरंच केलं. 1996 ला महाराजांचं नाव दिलं, 2017 ला त्यात "महाराज" जोडलं. आता 2024 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने करी रोडचं लालबाग, चर्नी रोडचं गिरगाव, सँडहर्स्ट रोडचं डोंगरी अशी यादी मंजूर केलीये. माझा पूर्ण पाठिंबा. इमारती राहू द्यात पण त्यांचे गोडवे बंद करा.

जुनी_वीट

नानाभाऊ, नाव बदलायला माझी काही हरकत नाही, लालबागला लालबाग म्हणायलाच पाहिजे. पण "ब्रिटिशांचं" हे जरा थांबून बघा. जीआयपी कंपनीला पाच टक्के व्याजाची गॅरंटी होती, म्हणजे धंद्यात कमी पडलं की फरक भरायचा हिंदुस्थानच्या महसुलातून, शेतसारा भरणाऱ्याच्या खिशातून. मुंबई-पुणे मार्गावरचा भोरघाट 1863 ला चालू झाला तोवर तिथे हजारो मजूर मेले, कॉलरा आणि तापाने जास्त. त्यातले बरेच दख्खनमधलेच. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल स्वतः आजारी पडून गेला आणि पुढे त्याच्या बायकोने, ॲलिसने, काम पुरं करवून घेतलं. व्हीटीवर स्टीव्हन्सच्या हाताखाली सीताराम खंडेराव वैद्य असिस्टंट इंजिनिअर होते, कोरीव काम जे. जे. स्कूलच्या पोरांनी केलं. दर्शनी भिंतीवर कंपनीच्या बड्या मंडळींचे चेहरे कोरलेत त्यात आपले जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेट आहेत आणि जमशेटजी जीजीभाई पण. तुम्ही नाना चौक नाव घेऊन इथे लिहिताय आणि नानांचाच चेहरा असलेल्या भिंतीला परक्याची म्हणताय, हे जरा गंमतशीर झालं :) पैसा आपला, घाम आपला, मग इमारत पण आपलीच ना. गोडवे गाऊ नका पण हक्क तरी सोडू नका.

नाना_चौक

चेहऱ्याचं माहीत आहे हो. एक चेहरा लावला म्हणजे भागीदारी होत नाही. घाटात मेलेल्या मजुरांपैकी एकाचं तरी नाव कुठल्या भिंतीवर आहे का सांगा. अडीच हजार कोटीतून त्यांचं स्मारक करा, मी स्वतः वर्गणी देईन.

ब्रेकव्हॅन

हे मात्र जबरी. नाना, या एका गोष्टीवर आपलं जमलं.

ठाणे_स्लो

स्मारक करा, पण प्लॅटफॉर्मवर नको. आधीच स्टॉल आणि मशिनं लावून अर्धी जागा खाल्लीये.

आणि अजून एक सांगतो, जुनं जुनं करताय ते कुठल्या सालचं जुनं? व्हीटी बांधलं ते बोरीबंदरचं पहिलं स्टेशन काढूनच. 1929 ला वाढवलं, मेनलाईनचे प्लॅटफॉर्म आले, आता 18 झालेत. मधे एकदा सीएसएमटी 1930 सालासारखं करायची योजना पण आली होती, म्हणजे त्यानंतर जे झालं ते सगळं कचरा का? 3 फेब्रुवारी 1925 ला तिथून कुर्ल्याला देशातली पहिली विजेची गाडी गेली. तेव्हा खांब आणि तारा घातल्या त्या पण कोणाला तरी विद्रूपच वाटल्या असतील. स्टेशन हे बदलतच राहतं. कुलाब्याचं तर अख्खं पाडलं, कोणी रडलं नाही.

दगडी_कमान

कुलाब्याचं उदाहरण देऊन तुम्ही माझंच काम सोपं केलंत. 1930 च्या शेवटच्या दिवशी कुलाबा टर्मिनस बंद झालं, चर्चगेटच्या पुढचे रूळ उखडले, जागेवर रेल्वेच्या कॉलन्या आल्या, बधवार पार्क तिथलंच. त्यानंतर कफ परेडला नोकरीला जाणारे चर्चगेटला उतरून बस आणि शेअर टॅक्सीच्या रांगेत पिढ्यानपिढ्या उभे राहिले. ऑक्टोबर 2025 मध्ये मेट्रो तीन कफ परेडपर्यंत पोचली, म्हणजे जवळपास 95 वर्षांनी त्या टोकाला परत गाडी आली, ती पण जमिनीखालून आणि हजारो कोटी ओतून. रडलं नाही कोणी, पण भोगलं सगळ्यांनी.

ठाणे_स्लो

अहो पण ते रूळ काढल्याचं नुकसान आहे, इमारत पाडल्याचं नाही! रूळ ठेवून इमारत पाडली असती तर मला काहीच म्हणायचं नव्हतं.

जुनी_वीट

इमारत उभी असती तर रूळ काढणं इतकं सोपं गेलं नसतं, असं मला वाटतं. हेरिटेजचा दर्जा असला की निदान कोणाला तरी परवानगी मागावी लागते, फाईल फिरते, बातमी येते. मस्जिद बंदरजवळचा 1868 चा कर्नाक पूल 2022 मध्ये एका मेगाब्लॉकमध्ये उतरवला. तो धोकादायक झाला होता, पाडायलाच हवा होता, यात वाद नाही. पण त्याचे दगड गेले कुठे हे विचारणारे किती होते?

कुर्ल्याची_पाहुणी

दगडांचं विचारताय, त्या ब्लॉकमध्ये माझी संध्याकाळ कुठे गेली ते पण विचारा कोणीतरी 😄 बाकी वांद्र्याचं मला पटलं पण एका अटीवर. आधी पूर्वेच्या बाजूचा पूल आणि रिक्षास्टँडचा रस्ता मोकळा करा, मग कौलं बदला. उलट क्रमाने केलंत तर उद्घाटनाच्या फोटोत फक्त छप्पर येईल.

दगडी_कमान

अट मान्य. पण पूल रेल्वेचा, रस्ता महापालिकेचा, त्यामुळे क्रम कोण ठरवणार हे आधी सांगा.